नवं कार्ड बसवलं आणि व्हिडिओ अडखळायला लागला

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या घरीच अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतात. पीसी आय५-७४०० प्रोसेसरचा, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. विंडोज १० एसएसडीवर आणि धड्यांचे व्हिडिओ सगळे २ टीबीच्या हार्ड डिस्कवर. मागे बसणाऱ्या मुलांनाही दिसावं म्हणून त्यांनी ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला. दुकानदार म्हणाला, फोर-के चालवायचं तर ग्राफिक्स कार्ड लागणारच. म्हणून जीटी ७३० हे २ जीबीचं कार्ड घेऊन बसवलं. तेव्हापासून यूट्यूब अडकत अडकत चालतं, फोनवर स्वतः काढलेले व्हिडिओही धक्के खातात आणि मधूनच आवाज 'टर्र' करून फाटतो. आधी छोट्या मॉनिटरवर हाच पीसी सुरळीत होता. दोनदा फॉरमॅट मारून झालं. कार्ड खराब निघालं म्हणून बदलून घेऊ का, असं त्या विचारतायत.

ताई, बदलून पुन्हा तेच कार्ड आणू नका. ते खराब असेल असं मला वाटत नाही. नौपाड्यात तेवीस वर्षं लोकांचे पीसी उघडतोय. 'कार्ड टाकलं आणि बिघडलं' म्हणून आलेल्या मशीनमध्ये कार्डच मेलेलं निघालं, असं मोजक्या वेळाच झालंय. तुम्ही दोन दुखणी एकाच दमात सांगितलीत: चित्र अडखळतं आणि आवाज फाटतो. आधी ती वेगळी करू, कारण दोघांचं औषध एक नाही.

व्हिडिओ चालवणारा प्लेयर साधारणपणे आवाजाच्या घड्याळावर चालतो. आवाजात बारीकसा खंड पडला तरी कानाला लगेच खटकतो, डोळा मात्र बरंच पोटात घालतो. म्हणून आवाज अखंड ठेवायचा आणि चित्र मागे पडलं तर मधल्या फ्रेम टाकून देऊन त्याला पुढे आणायचं, अशी सोय केलेली असते. तेव्हा बोलणं सरळ चाललंय आणि हात-तोंड मात्र उड्या मारतंय, असं दिसलं तर चित्र उलगडण्याचं काम कुणाला तरी झेपत नाहीये. आवाजच तुटत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा अख्खी मशीन क्षणभर कुठेतरी खोळंबतेय. विंडोज आवाज साधारण १० मिलिसेकंदांच्या घासांनी पुढे ढकलतं. ४८ किलोहर्ट्झच्या आवाजात असा एक घास म्हणजे ४८० नमुने. पुढचा घास वेळेवर आला नाही की तुम्हाला 'टर्र' ऐकू येतं.

तर पहिली परीक्षा. ब्राउझर बंद करा, व्हिडिओ एकही नको. एक साधं एमपी३ गाणं सी ड्राइव्हवर, म्हणजे एसएसडीवर कॉपी करा आणि तिथूनच पंधरा मिनिटं वाजवा. मग तेच गाणं हार्ड डिस्कवरून पंधरा मिनिटं वाजवा. काय झालं ते कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चित्र, कारण खरी गोम तिथे आहे.

व्हिडिओची फाइल म्हणजे दोरीने करकचून बांधलेला होल्डॉल समजा. प्रत्येक फॉरमॅटची गाठ वेगळी. ग्राफिक्सच्या चिपमध्ये ठरावीक गाठी सोडवण्यापुरता एक छोटा कारागीर बसवलेला असतो. त्याला येणारी गाठ असली तर तो ती चुटकीसरशी सोडवतो, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. येत नसली तर होल्डॉल प्रोसेसरच्या अंगावर येतो. एच.२६४ ही गाठ आता जवळपास सगळ्यांना येते. पण यूट्यूब १०८०पीच्या वर एच.२६४ देत नाही, तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ असतं. फोनचे व्हिडिओ बरेचदा एच.२६५ म्हणजे एचईव्हीसीमध्ये असतात. आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून तीच पद्धत आली.

जीटी ७३० बाजारात आलं २०१४ मध्ये, आणि आतली चिप त्याहून जुन्या घराण्यातली: काही कार्डांत केप्लर, काहींत तर तिच्याही आधीची फर्मी. खोक्यावरचं नाव दोन्हींना एकच. या कार्डाला एच.२६४ येतं. व्हीपी९ येत नाही, एचईव्हीसी येत नाही, एव्ही१ चा तर प्रश्नच नाही. आणि तुमचा आय५-७४००? तो आला जानेवारी २०१७ मध्ये. त्याच्या पोटात जे एचडी ६३० ग्राफिक्स आहे, त्याला व्हीपी९ आणि एचईव्हीसी दोन्ही येतात, १०-बिट म्हणजे जास्त रंगछटांच्या व्हिडिओसकट. म्हणजे घरात तरबेज माणूस होता आणि तुम्ही पैसे मोजून त्याच्या डोक्यावर अडाणी मुकादम आणून बसवलात. वर आणखी एक, कार्ड बसलेलं दिसलं की बहुतेक बोर्ड ऑनबोर्ड ग्राफिक्स आपोआप बंद करून टाकतात. तो तरबेज माणूस आता पीसीमध्ये असूनही कामावर नाही.

यात तुमची चूक नाही. 'कार्ड म्हणजे ऑनबोर्डपेक्षा भारी' हे वाक्य मीही अनेक वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलंय, आणि एके काळी ते खरंही होतं.

त्यात टीव्ही फोर-के. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके असतात, फोर-केच्या फ्रेममध्ये ८२,९४,४००, बरोबर चौपट. सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर सेकंदाला जवळपास ५० कोटी ठिपके झाले. मोठा पडदा मिळाला की 'ऑटो'वर ठेवलेलं यूट्यूबही १४४०पी किंवा २१६०पी उचलतं. छोट्या मॉनिटरवर ते १०८०पीच्या वर जात नव्हतं आणि तेवढंही एचडी ६३० सोडवत होतं. आता चौपट माल आणि हमाल एकटा प्रोसेसर.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना त्यावर राइट क्लिक करा, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. काळ्या चौकटीत 'कोडेक्स' अशी ओळ असते. तिथे 'व्हीपी०९' किंवा 'एव्ही०१' दिसलं की समजा गाठ या कार्डाच्या आवाक्याबाहेरची. 'एव्हीसी१' म्हणजे एच.२६४. वरच्या एका ओळीत 'ड्रॉप्ड' किती फ्रेम झाल्या तो आकडा असतो. तो सेकंदासेकंदाला चढत असेल तर तुमचे धक्के तेच. बाजूला टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा आणि 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख बघा. व्हिडिओ चालू असून तो शून्यावर झोपलेला आणि सीपीयू मात्र नव्वदीच्या पुढे, असं चित्र दिसेल अशी माझी अटकळ आहे. फोनचा व्हिडिओ व्हीएलसीमध्ये लावून टूल्समधल्या 'कोडेक इन्फर्मेशन'मध्ये बघा. तिथे एचईव्हीसी लिहिलेलं असलं तर तोही कोडा सुटला.

आणखी एक गोष्ट तपासा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. कोपरीत एका काकांकडे असाच टीव्ही, असंच कार्ड. मी ड्रायव्हर दोनदा बदलला, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घरून आणून लावून बघितला, केबल बदलली. तिसऱ्या फेरीला चहा पिता पिता माउस उगाच गोल गोल फिरवत होतो, तर बाण सलग न फिरता टप्पे खात फिरताना दिसला. व्हिडिओ नव्हता, काही नव्हतं, नुसता डेस्कटॉप. डिस्प्ले सेटिंग्जच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये गेलो तर रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ! एचडीएमआय १.४ वर फोर-के जास्तीत जास्त ३० हर्ट्झलाच जातं, ६० ला एचडीएमआय २.० लागतं. जीटी ७३० चं एचडीएमआय १.४ च्याच पिढीतलं. म्हणजे पडदा सेकंदाला तीसदाच बदलणार, मग ६० फ्रेमचा व्हिडिओ कितीही छान उलगडा, अर्ध्या फ्रेम वाया. तुमच्या बोर्डाच्या एचडीएमआयलाही हीच मर्यादा आहे, तेव्हा कार्ड काढल्यावरही हे लक्षात ठेवावं लागेल.

मग करायचं काय? माझं मत सरळ आहे: कार्ड काढा. ज्या कामासाठी ते घेतलं त्यात ते मदत करत नाही, अडथळा करतं.

पीसी बंद करून वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटन एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मग आत जा. मागचा स्क्रू काढा. कार्ड सरळ ओढू नका. स्लॉटच्या टोकाला, कार्डाखाली लपलेला एक छोटा खटका असतो. बोट पोचत नाही, मी आइस्क्रीमची लाकडी काडी वापरतो. स्क्रूड्रायव्हर नको, तो घसरला की बोर्डावर ओरखडा. खटका दबला की कार्ड अलगद वर येतं. एचडीएमआयची केबल बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावा.

सुरू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' उघडा. तुम्ही दोन्ही वेळा फॉरमॅट मारला तेव्हा कार्ड आत होतं, म्हणजे इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर बहुधा कधी पडलाच नसेल. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसलं तर घाबरू नका आणि व्हिडिओही लावून बघू नका. त्या अवस्थेत कारागिराला कामच मिळत नाही, सगळं पुन्हा प्रोसेसरवर येतं आणि तुम्हाला वाटेल कार्ड काढूनही फरक नाही. इंटेलच्या साइटवरून ७व्या पिढीच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, 'इंटेल एचडी ग्राफिक्स ६३०' नाव आलं की पुढे जा. मग रिझोल्यूशन १९२० बाय १०८०, रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ. गणिताची आकडेमोड ४३ इंचावर १०८०पीमध्ये शेवटच्या मुलालाही स्वच्छ दिसते. आवाज आला नाही तर टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करून आवाज कुठे जातोय ते बघा. कार्डाबरोबर त्याचं स्वतःचं ऑडिओ उपकरणही आलं होतं, ते आता गेलं. त्याच्या जागी 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' निवडावं लागेल.

यूट्यूब तरीही एव्ही१ देत राहिलं तर ती गाठ एचडी ६३० लाही येत नाही. १०८०पीला तुमचा प्रोसेसर ते निभावून नेईल. नाहीच नेलं तर ब्राउझरसाठी एच२६४इफायसारखं छोटं एक्स्टेन्शन शोधा, ते यूट्यूबला एच.२६४ च द्यायला लावतं.

कुणी म्हणेल, कार्ड राहू दे, बायोसमधून ऑनबोर्डही चालू करून दोन्ही वापरू. होतं तसं. 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' असा पर्याय बऱ्याच बोर्डांवर असतो. पण या कार्डाने मग करायचं काय? केप्लरवाल्या जीटी ७३० ला ४७० मालिकेच्या पुढचे ड्रायव्हर नाहीत, फर्मीवाल्याला ३९१.३५ च्या पुढचे नाहीत.

आता आवाज. तो कागद काढा.

गाणं एसएसडीवरून सुरळीत आणि हार्ड डिस्कवरून तुटक वाजलं, तर माझी पहिली शंका डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलवर. कार्ड बसवताना हात आत जातो, कोपर कुठेतरी टेकतं आणि बिनखटक्याची जुनी केबल अर्धा मिलिमीटर सरकते. डिस्क दिसते, फाइल उघडते, पण मधूनच निरोप चुकतो, पुन्हा मागवावा लागतो आणि तेवढा वेळ वाचन थांबतं. वर्तकनगरला एकांकडे याच्याने चार महिने छळलं होतं. त्यांचं कार्ड लांब होतं, त्याने केबलची मान काटकोनात मोडली होती आणि त्यांनी तोवर दोन साउंड ड्रायव्हर, एक स्पीकर आणि माझ्या आधीचा एक मेकॅनिक बदलला होता. तपासणं सोपं आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा, हार्ड डिस्क निवडा आणि सी७ क्रमांकाची 'अल्ट्राडीएमए सीआरसी एरर काउंट' ही ओळ शोधा. हा आकडा कधी उतरत नाही, फक्त चढतो. म्हणून आज किती आहे याला महत्त्व नाही, लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. चढला असेल तर केबल बदला, खटक्याची घ्या आणि बोर्डावर दुसऱ्या पोर्टात लावा.

एक्सपीच्या काळात हेच दुखणं याहून वाईट रूपात यायचं. डीएमए म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डिस्कचा डेटा थेट रॅममध्ये नेण्याची पद्धत. केबलमुळे सहा चुका झाल्या की विंडोज त्या डिस्कला डीएमएची एकेक पायरी खाली उतरवायचं आणि चुका होत राहिल्या तर शेवटी पीआयओमध्ये टाकायचं. म्हणजे डेटाची ने-आण प्रोसेसरने स्वतः करायची, आणि तिथून परत वर चढवायचं नाही. सीडीवरचा सिनेमाही आचके द्यायचा. लोक व्हायरस समजून फॉरमॅट मारायचे, चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. तुमच्या दोन फॉरमॅटवरून ते आठवलं.

दोन्हीकडून तुटत असेल तर लेटन्सीमॉन. हे सॉफ्टवेअर चालू करून दहा मिनिटं गाणं वाजू द्या. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो ते ते मोजतं. 'एनव्हीएलडीडीएमकेएम' हे नाव सगळ्यात वर असेल तर तो ग्राफिक्स कार्डाचाच ड्रायव्हर, तो कार्डाबरोबर जाईल. जाताना अवशेष राहू नयेत म्हणून नेट बंद करून, सेफ मोडमध्ये डीडीयू (ग्राफिक्सचे ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर) चालवून एनव्हिडियाचं सगळं साफ करा. नेट बंद यासाठी की विंडोज अपडेट मध्येच स्वतःच्या मनाने काहीतरी टाकून बसतं. 'एनडीआयएस' हा नेटवर्कचा ड्रायव्हर वर असेल तर कार्ड निर्दोष, वायफायचा डोंगल काढून बघा. हे आवाजाचं कारण इतक्या वेळा निघतं की मी हल्ली लेटन्सीमॉनच्याही आधी डोंगल उपटतो.

आणि एकदा सीपीयूचा पंखा हाताने तपासाच. तुमच्या प्रोसेसरबरोबर आलेला कूलर चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. खारघरला एका पीसीत कार्ड नीट बसावं म्हणून बोर्ड दाबला होता आणि त्या दाबाने एक खुंटी निसटली होती. कूलर एका बाजूने केसभर उचललेला, पंखा मात्र ऐटीत फिरतोय. प्रोसेसर तापमानाच्या कमाल मर्यादेला टेकला की स्वतःचा वेग कमी करतो, थोडा निवला की पुन्हा वाढवतो. व्हिडिओ वीस सेकंद छान, पाच सेकंद रखडत, असा ताल धरून चालायचा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा. नुसतं डेस्कटॉपवर असताना सत्तरच्या वर दिसलं तर चारही खुंट्या एकेक करून हलवून बघा.

यूट्यूबवर 'हे एक सेटिंग बदला, सगळं पळेल' छापाचे जे उपाय असतात, एचपीईटी नावाचं बोर्डावरचं घड्याळ बंद करा, रजिस्ट्रीत अमुक आकडा टाका, त्यातलं सध्या काहीही करू नका. नंतर माझ्यासारख्याला आधी ते निस्तरावं लागतं. ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देणारी सॉफ्टवेअरंही नकोत.

पुढेमागे टीव्ही खऱ्या फोर-के ६० हर्ट्झवर चालवायची हौस असेलच, तर कार्ड घेताना जीबी विचारू नका. दोन प्रश्न विचारा: एचडीएमआय २.० आहे का, आणि व्हीपी९, एचईव्हीसी, एव्ही१ यातलं काय काय हार्डवेअरमध्ये उलगडतं. जीटी १०३० ला पहिली दोन येतात, एव्ही१ येत नाही. ते घ्यायचं तर जीडीडीआर५ मेमरीचं, डीडीआर४ चं नको. आरएक्स ६४०० नावाने नवं आहे पण त्यालाही एव्ही१ येत नाही. आर्क ए३८० ला सगळं येतं, पण ते रीसाइझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) रखडतं आणि तुमच्या बोर्डावर ती सोय नाही. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीवाल्याला सगळं येतं, वेगळी पॉवर वायरही लागत नाही. पण गणिताच्या क्लाससाठी ते घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं.

दुकानदार कार्ड परत घेऊन दुसरं काही देत असेल तर रॅम घ्या. ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते पीसीच्याच रॅममधून काम चालवतं. तुमची ८ जीबी एकाच स्टिकची असेल तर जोडीला दुसरी ८ जीबी लावल्यावर दोन्ही वाटा उघडतात आणि ते त्याला मानवतं. फक्त घेण्याआधी जुनी स्टिक काढून तिच्यावरचं लेबल वाचा. एच११० चे बहुतेक बोर्ड डीडीआर४ चे असले तरी काही डीडीआर३ चेही निघाले होते, आणि एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. हे सगळं दुपारी करा, संध्याकाळच्या बॅचच्या तोंडावर नको. दोन दिवसांनी सी७ चे दोन्ही आकडे आणि लेटन्सीमॉनमधलं सगळ्यात वरचं नाव कळवा.